घरनोकराचा व्हिसा

आमच्या गल्लीत आखातातल्या झाडून सगळ्या देशांना दुबईच म्हणत. माझा नवरा गेला तो देश दुबई नव्हता, पण सहा वर्षं मी 'दुबईवाली' होते. भाजीवालीसुद्धा मला मेथीचा भाव चढा सांगायची आणि वर म्हणायची, "तुला काय कमी हाय बाय?" काय कमी होतं ते सांगायला लागले असते तर तिथेच रडत बसले असते. म्हणून मी घासाघीस करायची.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. नवरा लूमच्या कारखान्यात जॉबर. पुढे 'हे'च म्हणते, आयुष्यभराची सवय आहे. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम ताळ्यावर आणणारा माणूस. मी बाजूच्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसतात त्या नळ्यांवर धागा गुंडाळायची. विहारात लग्न लागलं तेव्हा मी दहावी पास आणि हे सातवी. त्यावरून मी चिडवलं की हे म्हणायचे, "शिकलेली आहेस ना? मग सांग, पलीकडच्या शेडमधला कुठला लूम रडतोय?" रस्त्यात उभं राहून, चाळीस लूमच्या खडखडाटातून हे तो एक आवाज वेगळा काढायचे आणि आत जाऊन नेमका तोच बंद करायला लावायचे. मला इतका अभिमान वाटायचा की मी मुद्दाम तोंड वाकडं करायची.

आमच्याकडे जॉबरला कामावर घ्यायची एक रीत होती. नवा माणूस आला की शेठ त्याला काही विचारायचा नाही. बंद लूमकडे बोट दाखवायचा आणि चहा मागवायचा. चहा संपेपर्यंत लूम चालू झाला तर उद्यापासून ड्युटी. कुठे शिकलास, सर्टिफिकेट आहे का, असं कोणी विचारलं असतं तर लोक हसले असते. हातच्या काकणाला आरसा कशाला? आम्ही दोघंही या रीतीत वाढलेलो, आणि आमची चूक इथूनच निघाली.

मुलगी आठ महिन्यांची होती तेव्हा यांच्या शेठने कारखाना विकला. घेणाऱ्याने आपली माणसं आणली. बाकीच्या कारखान्यांतही मंदी होती, आठवड्यातून चार दिवस वीज आणि तीन दिवस गप्पा. त्या दिवसांत नाक्यावर एका हॉटेलाच्या माडीवर एक एजंट बसायचा. आम्ही लेकीला कडेवर घेऊन दोघंही गेलो. त्याच्याकडे तीन व्हिसा होते. एक कंपनीचा, मेकॅनिकचा. त्याला मुंबईत जाऊन परीक्षा द्यायची, सर्टिफिकेटं जोडायची आणि सात-आठ महिने वाट पाहायची. दुसऱ्याला तो 'आझाद' म्हणायचा. त्यात मालक नावापुरता, काम तुमचं तुम्ही शोधा, आणि पकडले गेलात तर तुमचं नशीब. तिसरा घरनोकराचा. त्याला कागद थोडे लागत आणि वीस दिवसांत विमानात बसायला मिळे.

"भाई, पहले अंदर तो घुसो," एजंट म्हणाला. "बाद में सब चेंज हो जाता है."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ठप्पा कशाचा का असेना, हात तर तुमचेच आहेत." आम्हाला व्हिसा म्हणजे एसटीचं तिकीट वाटलं होतं. वज्रेश्वरीचं तिकीट काढलं म्हणून माणूस काही वज्रेश्वरीचा होत नाही. तिथे गेल्यावर कोणीतरी बंद मशीनकडे बोट दाखवेल, चहा मागवेल आणि सगळं सुरळीत होईल, अशी आमची खात्री होती.

पुढे कळलं की व्हिसालाही जात असते. एकदा चिकटली की हातात कितीही कसब असो, तीच विचारतात. आमच्या सासऱ्यांच्या पिढीने जन्मानं गळ्यात पडलेलं काम टाकण्यासाठी गाव सोडलं होतं. आणि आम्ही शहाणे, जिना चढून गेलो आणि एक नवी पाटी आपल्या हाताने गळ्यात अडकवून घेतली. अजून आठवलं की संताप होतो. एजंटाचा नाही, आमचाच.

तिकडे एक म्हातारे मालक होते. हे त्यांना 'बाबा' म्हणायचे, मी इकडे 'म्हातारा' म्हणायची. मोठं घर, खजुराची झाडं, दोन गाड्या, सुना, नातवंडं. यांनी झाडांना पाणी घालायचं, गाड्या धुवायच्या, बाजार आणायचा. पण हे काय तेवढ्यावर राहणारे? महिन्याभरात त्या घरातला प्रत्येक कुरकुरणारा दरवाजा बोलायचा थांबला. पाण्याची मोटर, कपडे धुवायचं मशीन, शिवणयंत्र, म्हाताऱ्याचा रेडिओ, सगळं यांच्या हाताखालून गेलं. पत्रातून हे मला ते कौतुकाने लिहायचे. वाचून माझा जीव खाली-वर व्हायचा. लूम ओळखणारा माणूस माझा, आणि तिकडे गाड्या पुसतोय.

पत्रापेक्षा कॅसेट बऱ्या वाटायच्या. सुट्टीवर येणाऱ्या कोणाबरोबर हे कॅसेट पाठवायचे आणि मी शेजारच्या चाचीकडचा टेप उसना आणून ऐकायची. यांचा आवाज खोलीत भरायचा. पण मधूनच मागे एक लहान मूल यांना हाका मारायचं. म्हाताऱ्याचा नातू. हे बोलता बोलता थांबून त्याच्या भाषेत काहीतरी सांगायचे आणि ते खदखदून हसायचं. तेवढ्या जागी मी आवाज बारीक करायची, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

दोन वर्षांनी पहिल्यांदा दोन महिन्यांसाठी आले. लेक पावणेतीन वर्षांची झाली होती. पहिले चार दिवस ती दाराआड उभी राहून बघत होती. पाचव्या दिवशी मला विचारते, "आई, ते पाहुणे कधी जाणार?" हे तिथेच बसले होते. हसले, आणि उठून मोरीत जाऊन उगाच तोंड धुऊन आले.

त्या सुट्टीत आम्ही पुन्हा एजंटाकडे गेलो. त्याने खांदे उडवले. घरनोकराला बायको-पोरं न्यायचा व्हिसा मिळत नाही, म्हणाला. पेशा मेकॅनिक करून घ्या, कंपनीत लागा, मग फॅमिली व्हिसा. आणि पेशा कसा बदलायचा? तर आधीच्या मालकाने सोडलं पाहिजे.

यांनी परत गेल्यावर म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, नातवाची शाळा सुरू होऊ दे. शाळा सुरू झाली. मग म्हणाला, धाकट्याचं लग्न होऊ दे. लग्न झालं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, तुझ्यासारखा माणूस मला कुठे मिळणार? मला ते वाचून रडावं की हसावं कळेना. निकम्मा माणूस असता तर वर्षात हाकलला असता. गुणी म्हणून अडकला. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हाताऱ्याने आपल्या परीने तोड काढली. तुझ्या बायकोलाही बोलाव, म्हणाला. मोलकरणीचा व्हिसा काढून देतो. दोघं इथेच राहा, मागची खोली तुमची.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, काय हा अपमान. मला तसं वाटलं नाही. मी हरखले. पाच वर्षं झाली होती. मला माझा माणूस हवा होता, मोलकरीण म्हणून का होईना. मला भांडायलाही कोणी नव्हतं. पत्रातून भांडण होत नाही. उत्तर यायला पंचवीस दिवस, तोवर राग शिळा होतो आणि कशावरून भांडलो तेही आठवत नाही. सुट्टीच्या दिवशी समोरची बाई नवऱ्याला तारस्वराने शिव्या घालायची, आणि मी दारात तांदूळ निवडत तिचा हेवा करायची.

मी पासपोर्ट काढला. सासूबाई आमच्याकडेच राहत होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "तू जा. पोर माज्याजवल ऱ्हाईल. मी हाय ना? उपाशी न्हाय ठेवनार तिला." त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. सून मुलाजवळ जावी एवढंच त्यांना कळत होतं.

एजंटाच्या माडीवर फॉर्म भरायला बसले. लेक माझ्या मांडीवर. एजंटाने सोबतच्या मुलांचा रकाना आला तसा पट्टी लावून त्यावर आडवी रेघ मारली आणि पुढे सरकला. मी विचारलं, "ही रेघ कशाला?"

"मेड के वीज़ा में बच्चा नहीं आता, बहनजी. आपको मालूम नहीं था?"

मालूम होतं. सासूबाईंशी बोलणंसुद्धा झालं होतं. पण ती रेघ मी बघितली. मी पेन खाली ठेवलं, लेकीला उचललं आणि जिना उतरले. खाली नाक्यावर रिक्षावाले ओरडत होते, आणि मी भर दुपारी तिथे उभी राहून ठरवलं, की आता म्हाताऱ्याला सोडायलाच लावायचं.

त्याच दिवशी मी यांना पत्र लिहिलं. आयुष्यात एवढं नीट अक्षर मी दहावीच्या परीक्षेतही काढलं नव्हतं. लिहिलं, "तुम्ही काम चांगलं करता म्हणून ते सोडत नाहीत. तर मग काम बिघडवा. दोन-चार वस्तू मोडा. त्यांना नकोसे व्हा. तुम्हाला तुमच्या हाताची एवढी शान असेल तर राहा तिथेच, मी इथे लेकीला बाप मेला म्हणून सांगते." शेवटचं वाक्य खोडावं असं एकदा मनात आलं. खोडलं नाही. पोस्टाच्या पेटीत टाकून आले आणि भात लावला.

पंचवीस दिवस गेले, पन्नास गेले, पत्र नाही. कॅसेट नाही. मी पोस्टमनला पाहिलं की आत जायची. मग एका सकाळी रिक्षा थांबली आणि हे उतरले. सामान फक्त एक बॅग. पासपोर्टावर जुना व्हिसा रद्द केल्याचा शिक्का होता. लेक आता साडेसहा वर्षांची, तिने या वेळी ओळखलं. मी तर भर गल्लीत यांचा हात धरला. चाची बघत होती, बघू दे म्हटलं.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. कुठलाच व्हिसा नव्हता. सकाळी उठलं की हे घरात. चहाला साखर कमी म्हणून कुरकुर. लेकीला शाळेत सोडायला हेच जायचे. मी मनसोक्त भांडून घेतलं. तिकडच्या एका चादरीच्या कारखान्यात ओळखीचा माणूस होता, त्याने मेकॅनिकच्या व्हिसाचं बोलून ठेवलं होतं. या वेळी परीक्षा द्यायची होती आणि यांनी ती मुंबईत जाऊन दिलीही. फॅमिली व्हिसा त्याच्यामागून येणार होता. मी मनातल्या मनात कोणती भांडी न्यायची ते ठरवत होते.

एकच गोष्ट खटकत होती. सासूबाईंचा स्टोव्ह बिघडला, तर यांनी तो उचलून नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दिला. जुने शेठ भेटले, म्हणाले ये एकदा, दोन लूम अडलेत. हे गेले नाहीत. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "आता साहेब झालात वाटतं?"

एका रविवारी आम्ही तिघं वज्रेश्वरीला गेलो. एसटीने, कुंडावर. लेक पाण्याच्या काठाशी इतर पोरींबरोबर खेळत होती. आम्ही गरम पाण्यात पाय सोडून बसलो होतो. मी न राहवून विचारलं, "काय केलंत तिकडे? कसं सोडलं त्यांनी?"

पाण्याकडे बघत यांनी सांगितलं. माझं पत्र आल्यावर महिनाभर यांनी काहीच केलं नाही. मग एक दिवस मोटरच्या पाण्याचा कॉक बंद केला आणि मोटर चालू ठेवली. कोरडी. आणि बाजूला उभे राहून जळेपर्यंत तिचा आवाज ऐकला. ऐन उन्हाळा. दोन दिवस घरात पाणी नव्हतं, सुना शेजारच्या घरून बादल्या आणत होत्या. तो नातू तापाने पडला होता, त्याला पुसायलाही पाणी मागून आणलं.

"म्हातारे ओरडले?"

"नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून काही बिघडलं होतं. म्हणाले, तू थकलास, घरी जा. आठवड्यात कागद केले."

मी म्हटलं, "मोटरच ती. दुसरी आणली असेल." यांनी मान हलवली. लेक भिजून आली, तिला पुसण्यात तो विषय राहिला. घरी येताना बसमध्ये ती यांच्या मांडीवर झोपली आणि मी खिडकीतून भाताची शेतं बघत आले.

आणि मग मेकॅनिकचा व्हिसा अडला. एजंट म्हणाला, आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागेल, नाहीतर दोन वर्षं त्या देशात पाऊल ठेवता येणार नाही. हे म्हणाले, "कुठल्या तोंडाने मागू?" मी तीन आठवडे घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, दोन वर्षं गेली तर तिकडची जागा जाईल, परत घरनोकराच्या व्हिसावर जाल का? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं, असं करायचंय का? शेवटी हे उठले.

आमच्या ओळखीत अरबी येणारे एकच, मदरशात शिकवणारे मौलाना. चाचीची नातवंडं त्यांच्याकडे शिकत. मृदू माणूस, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. हे हिंदीत सांगत गेले आणि मौलानांनी सुबक अरबीत लिहून दिलं. मोटरचं त्यात काही नव्हतं. फक्त विनंती होती आणि घरातल्यांची खुशाली विचारली होती.

उत्तराचं जाड पाकीट सव्वा महिन्याने आलं. आम्ही ते न फोडता मौलानांकडे नेलं. संध्याकाळची वेळ, मुलं नुकतीच घरी गेली होती. मी दाराजवळ बसले, हे समोर चटईवर. मौलानांनी पाकीट उघडलं. आत दोन कागद होते. एक छापील, खाली सही आणि शिक्का. तो बघून ते हसले. "मुबारक हो. एनओसी है."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं मी या एका कागदासाठी झुरले होते.

मग त्यांनी दुसरा कागद उचलला. तो हाताने लिहिलेला होता. मौलाना आधी मनात वाचत गेले, मग थांबले आणि यांच्याकडे बघितलं. "पढूं?" यांनी मान हलवली. ते सावकाश, एकेका ओळीचं हिंदी करत वाचू लागले.

"बेटा, मोटर खोलनेवाले ने बताया कि पानी बंद करके चलाई गई थी. मैं उसी दिन समझ गया था. छह साल तुम्हारे हाथ देखे हैं, ये हाथ भूलते नहीं. तुमने चार बार इजाज़त मांगी, मैंने चार बार मना किया. पांचवीं बार मांगते तो भी मना करता. इसमें मेरा भी गुनाह है. बच्चा अब ठीक है, तुम्हें पूछता है. बस एक बात समझ में नहीं आती. यह तुम्हारी तबीयत का काम नहीं था. किसने सिखाया तुम्हें?"

मौलाना थांबले. पत्र तिथेच संपत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि कोणाकडेच न बघता तो पुसत बसले.

हे चटईकडे बघत होते. मग म्हणाले, "किसी ने नहीं, मौलाना साहब. मेरा ही काम था."

मी दाराशी बसले होते, हाताच्या अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि मौलानांच्या मांडीवरचा तो छापील कागद मला दिसला. मला वाटलं, खरं बोलले तर ते तो परत पाकिटात घालतील. शिकलेली बाई मी, असं होत नसतं हे मला कळत होतं. तरी वाटलं. मी तोंड मिटलं.

मौलानांनी दोन्ही कागद यांच्याकडे दिले. यांनी हाताने लिहिलेला घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि छापील माझ्या हातात दिला. म्हणाले, "सांभाळ. तुझ्यासाठीच आहे." मी तो पदराखाली घेतला आणि यांच्या मागून बाहेर पडले.